'डेव्स'चा शेवट: लिलीने पिस्तूल फेकलं म्हणजे सिरीजने स्वतःचाच नियम मोडला का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडते. तुम्ही आणि तुमच्या भावाने मिळून 'डेव्स' संपवली, म्हणजे ती आठ भागांची सिरीज, जिच्यात फॉरेस्ट नावाच्या माणसाच्या टेक कंपनीत भूत-भविष्य स्क्रीनवर दाखवणारं मशीन बनवलंय आणि तिथेच काम करणारी लिली आपल्या प्रियकराच्या, सर्गेईच्या, मृत्यूचा माग काढते. सात भाग सिरीज सांगत राहते की सगळं आधीच ठरलेलं आहे, माणूस ट्रामसारखा रुळावरून चाललाय, आणि आठव्या भागात लिली हातातलं पिस्तूल दाराबाहेर फेकून देते आणि सात भागांचं सगळं पाण्यात. भाऊ म्हणतो लेखकाला शेवट सुचलाच नाही, तुम्हाला वाटतंय की त्यात काहीतरी आहे पण ते हाताला लागत नाहीये. आणि शेवटी मेलेली माणसं मशीनमध्ये परत जगताना दिसतात, ते सिम्युलेशन म्हणजे स्वर्ग दाखवलाय का, हा तुमचा दुसरा प्रश्न. ज्यांनी बघितली नाही त्यांनी इथेच थांबा, मी आता सगळं फोडणार आहे.

मी सांगलीत फिजिक्स शिकवते, तेवीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी तिसऱ्या वर्षाला क्वांटम मेकॅनिक्स. शनिवारी दुपारी पोरांबरोबर आमचा एक अड्डा असतो, एखादी सिनेमा-सिरीज सगळ्यांनी बघून यायची आणि मग लॅबमध्ये बसून त्यावर भांडायचं. 'डेव्स' आत्तापर्यंत तीन बॅचेसबरोबर झाली, चार शनिवार, प्रत्येक वेळी दोन भाग. तिन्ही वेळा चौथ्या शनिवारी पहिला प्रश्न तुमचाच आला, जवळजवळ ह्याच शब्दांत. त्यामुळे तुम्हाला समजली नाही असं अजिबात मनात आणू नका, तुम्ही बरोबर जागी अडलाय.

आधी एक मान्य करते. हा शेवट पटेल की नाही हे तुम्ही सिरीज कशासाठी बघत होता ह्यावर बरंच अवलंबून आहे. सर्गेईचा खून, रशियन हेर, कंपनीचा सुरक्षाप्रमुख केंटन ह्याने चालवलेली साफसफाई, ह्या थ्रिलरच्या ओढीने बघत असाल तर शेवट फुसका वाटणार, कारण आठव्या भागापर्यंत थ्रिलर संपलेला असतो, केंटन आदल्या भागातच मेलेला असतो. विज्ञान किती खरं दाखवलंय ह्यासाठी बघत असाल तर अर्ध्या ठिकाणी आनंद आणि अर्ध्या ठिकाणी चिडचिड. आणि एका बापाची गोष्ट म्हणून बघत असाल तर मला वाटतं हा शेवट फार घट्ट बांधलेला आहे. मी पहिल्यांदा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बघितली तेव्हा मीही दुसऱ्या गटात होते आणि चिडले होते. माझं मत बदललं ते वर्गात, एका साध्या सर्किटमुळे. तेच आधी सांगते.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. एक म्हणजे पुढचं सगळं ठरलेलं असणं. दुसरी म्हणजे जे ठरलंय ते ज्याच्याबद्दल आहे त्यालाच आधी दाखवता येणं. आपल्याला वाटतं पहिलं खरं असेल तर दुसरं आपोआप आलंच, मशीन पुरेसं मोठं पाहिजे, बस. तसं नाहीये.

दरवर्षी कोणीतरी ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइटचा प्रोजेक्ट करतंच. ब्रेडबोर्डवर एक एलडीआर (उजेडाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर), एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक रिले (विजेने चालणारा स्विच) आणि छोटा बल्ब. अंधार झाला की एलडीआरचा रेझिस्टन्स वाढतो, ट्रान्झिस्टर चालू होतो, रिले खट् करून ओढला जातो आणि बल्ब लागतो. उजेड पडला की बल्ब विझतो. मी काय करते, लॅबचे पडदे ओढून घेते, बल्बचा स्वतःचा उजेड एलडीआरवर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा उभा करते आणि एका पोराच्या हातात टॉर्च देते. त्याला सांगते, तू भविष्यवेत्ता. बल्ब लागणार असं तुला वाटत असेल तर एलडीआरवर टॉर्च मार, विझलेला असणार असं वाटत असेल तर टॉर्च बंद ठेव. म्हणजे तुझं भाकीत तू सर्किटलाच दाखवायचं. पोरगं टॉर्च मारतं, खट्, बल्ब विझतो. टॉर्च बंद करतं, खट्, बल्ब लागतो. कितीही हुशार पोरगं असू दे, सर्किटचा डायग्राम तोंडपाठ असू दे, शंभर वेळा केलं तर शंभर वेळा चूक.

आता मागच्या बाकावर दुसरी मुलगी बसलेली असते, तिला कागद-पेन दिलेलं असतं. ती टॉर्चवाल्याकडे बघते, बल्बचं काय होणार ते कागदावर लिहिते आणि घडी घालून खिशात ठेवते. ती शंभरपैकी शंभर वेळा बरोबर.

सर्किट तेच, नियम तेच, आणि सर्किटमध्ये इच्छाशक्ती वगैरे काही नाही, शंभर रुपयांच्या आतलं सामान आहे. त्याचं वागणं पूर्णपणे ठरलेलं आहे. तरी जे भाकीत त्याला दाखवलं जातं ते खरं ठरूच शकत नाही, खिशातलं मात्र ठरतं. ह्यात चमत्कार नाही आणि क्वांटम तर अजिबात नाही.

म्हणजे लिलीने पिस्तूल फेकलं ह्याचा अर्थ 'जग ठरलेलं नव्हतं' असा निघतोच असं नाही. लिलीची जोडणीच अशी आहे की तिला जे दाखवाल त्याच्या उलट ती करेल, एवढाही अर्थ पुरतो. तिने स्क्रीनवर स्वतःला फॉरेस्टवर गोळी झाडताना बघितलं, मग मशीनच्या खोलीत ने-आण करणाऱ्या, चुंबकावर तरंगणाऱ्या कॅप्सूलची काच फुटून ती खाली कोसळताना बघितली, आणि दार बंद व्हायच्या आत पिस्तूल बाहेर टाकून दिलं. भाकीत तिला दाखवलं नसतं तर कदाचित तिने गोळी झाडली असती.

पहिल्या बॅचला हे करून दाखवलं तेव्हा आमचे लॅबचे मामा दारात उभे राहून बघत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "मॅडम, म्हणूनच सटवाईचं लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही." मी थक्क झाले. आपल्याकडे पाचवीला कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात, पण सकाळी कागद कोराच असतो. लिहिलंय पण वाचता येत नाही. ही खिशातली चिठ्ठी आहे. फॉरेस्टने काय केलं तर सटवाईचा कागद भल्यामोठ्या स्क्रीनवर लावला, आणि कोणीतरी तो वाचून उलट वागेल ही शक्यता त्याने धरलीच नाही.

आता ह्याच्या पुढचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच सर्किटमध्ये मी एलडीआर आणि रेझिस्टर ह्यांची जागा आपसात बदलते. एवढंच. आता उजेड पडला की बल्ब लागतो, अंधार झाला की विझतो. टॉर्चवाल्या पोराला परत बोलावते. टॉर्च मारली, बल्ब लागला. बंद केली, विझला. आता तो जे भाकीत करेल ते खरं. वर्गात हशा होतो, टाळ्या पडतात, पोरगं खूश. पण भविष्य त्याला कळलंय का? नाही. सर्किट फक्त त्याचं ऐकतंय.

फॉरेस्ट आणि मशीनच्या कामातली त्याची जवळची सहकारी केटी ही ह्या दुसऱ्या जोडणीची माणसं आहेत. त्यांनी पुढचं सगळं बघितलंय आणि ते तसंच्या तसं करतात, मशीन जे दाखवेल ते म्हणतात, आणि मग म्हणतात बघा, मशीन चुकत नाही. ते भविष्य बघत नव्हते, ते त्याची आज्ञा पाळत होते. हे एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. खूप लोकांची तक्रार असते की ह्या सिरीजमध्ये सगळे सपाट आवाजात, झोपेत असल्यासारखे बोलतात. केटीपुरतं आणि फॉरेस्टपुरतं तरी मला ते मुद्दाम केलेलं वाटतं. आपण पुढच्या मिनिटाला काय बोलणार हे ज्याने आधी ऐकलंय तो माणूस असाच बोलेल ना, पाठ केलेलं म्हटल्यासारखं. लिलीच्या भूमिकेबद्दल मात्र मी एवढं ठामपणे म्हणणार नाही, तिथे तक्रारीत तथ्य आहे, पहिले तीन भाग मलाही ती फार अलिप्त वाटली होती.

मशीनवर काम करणाऱ्या तरुण लिंडनचा धरणावरचा प्रसंग ह्याच नजरेने परत बघा. केटी त्या पोराला कठड्याच्या पलीकडे उभं राहायला लावते, तुझा अनेक जगांवर विश्वास असेल तर कुठल्या तरी जगात तू वाचशीलच असं त्याला पटवते, आणि तो पडतो. केटीला माहीत होतं तो पडणार. तिने आपल्याला हे बोलताना आधी बघितलेलं आहे म्हणून ती ते बोलते. गप्प बसायचा पर्याय तिच्यासमोर होता आणि तिने तो वापरला नाही, कारण वापरता येतो असं तिला वाटतच नाही. मला पूर्ण सिरीजमध्ये सगळ्यात भयंकर हा प्रसंग वाटतो, केंटन हाताने गळा आवळतो त्याहीपेक्षा.

तुमच्या भावाला एक सांगा, सिरीजमध्ये भोक आहे हे त्याचं बरोबर आहे पण ते आठव्या भागात नाहीये, सातव्यात आहे. मशीनवर काम करणारा स्टुअर्ट बाकीच्या टीमला एक सेकंद पुढचं दाखवतो तो सीन. सगळे स्क्रीनसमोर उभे, स्क्रीनवर तेच लोक, एक सेकंद पुढे. स्क्रीनवरचा माणूस बोलतो आणि पाठोपाठ खरा माणूस तेच बोलतो. स्टुअर्ट म्हणतो, ह्या पेटीत सगळं आहे, म्हणजे पेटीच्या आत अजून एक पेटी आहे, तिच्यात अजून एक. सगळे घाबरतात, बंद कर म्हणतात. दिग्दर्शन म्हणून अप्रतिम सीन, अंगावर काटा येतो. पण माझ्या तिन्ही बॅचेसमध्ये हा सीन झाल्या झाल्या कोणीतरी विचारलंच, मॅडम, एकानेही मुद्दाम उलटा हात का नाही वर केला? वीस वर्षांच्या पोराला पहिल्या पाच सेकंदांत जे सुचतं ते त्या खोलीतल्या इतक्या हुशार माणसांना सुचत नाही हे पटत नाही. फॉरेस्ट-केटीचं समजू शकतं, त्यांची श्रद्धा आहे. स्टुअर्टची टीम तर तेव्हा शंकेने पोखरलेली आहे. इथे लेखकाने लिलीसाठी जागा राखून ठेवली म्हणून बाकीच्यांना गप्प बसवलं, हे मी मान्य करते. लिलीचं पिस्तूल फेकणं हे ठिगळ नाहीये, ते आधीच व्हायला हवं होतं ते उशिरा झालं.

आता अनेक जगांचा भाग, कारण त्याशिवाय शेवटचा अर्धा तास कळत नाही. क्वांटम मेकॅनिक्सची गणितं सगळ्यांची सारखी आहेत, भांडण आहे ते गणिताचा अर्थ काय लावायचा ह्यावर. फॉरेस्टला आवडतो तो अर्थ डी ब्रॉयच्या कल्पनेवरून डेव्हिड बोमने १९५२ साली मांडला: प्रत्येक कणाला एकच ठरलेली वाट, एकच जग, आपल्याला ती वाट दिसत नाही एवढंच. फ्रेंच गणिती लाप्लासने १८१४ मध्ये जी कल्पना केली होती, की एखाद्या बुद्धीला आत्ताची सगळी स्थिती कळली तर तिला भूत-भविष्य सगळं दिसेल, तिच्याशी हे नीट जुळतं. लिंडन आणतो तो ह्यू एव्हरेटचा १९५७ चा अर्थ, की जे जे होऊ शकतं ते ते सगळं होतं, प्रत्येक शक्यता आपापल्या वेगळ्या जगात. आपल्या मराठी वाचकांना ही कल्पना नवी नाही. नारळीकर सरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात कानाजवळून निघून जाते आणि सगळा इतिहास बदलतो. माझ्या वर्गात एव्हरेट समजावायला मला ह्याच्यापेक्षा चांगलं उदाहरण आजतागायत मिळालं नाही.

लिंडन एव्हरेटचं तत्त्व मशीनमध्ये घालतो आणि मशीनमधून येणारा भूतकाळाचा खरखरणारा आवाज एकदम स्वच्छ होतो, दोन हजार वर्षांपूर्वीचा येशूचा आवाज ऐकू येतो. आणि फॉरेस्ट त्याला तिथल्या तिथे कामावरून काढतो. पोरं दरवेळी विचारतात, इतकं मोठं यश मिळवून दिलेल्या माणसाला कोणी काढतं का? इथे तो बाप दिसतो. फॉरेस्टची मुलगी अमाया आणि तिची आई कार अपघातात गेल्या, आणि अपघाताच्या क्षणी बायको गाडी चालवता चालवता फोनवर बोलत होती, फॉरेस्टशीच. त्याने फोन केला नसता तर? हा प्रश्न घेऊन तो माणूस जगतोय. सगळं ठरलेलं असेल, एकच जग असेल, तर फोनही ठरलेला होता, मग त्याचा दोष नाही. अनेक जगं असतील तर कुठल्या तरी जगात त्याने फोन ठेवला, आणि अमाया घरी आली. म्हणजे ह्या जगात ठेवला नाही तो त्याने. लिंडनने त्याचं मशीन सुधारलं नाही, त्याला परत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. शिवाय त्या तत्त्वाने दिसणारी अमाया ही दुसऱ्या कुठल्यातरी जगातली, केसाएवढा का होईना फरक असलेली. त्याला त्याचीच पाहिजे होती.

एवढं लक्षात ठेवून पिस्तुलाकडे परत या. लिली पिस्तूल बाहेर फेकते तेव्हा फॉरेस्टच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा एक माणूस वेगळं वागून दाखवतो. वेगळं वागता येत होतं. म्हणजे फोनसुद्धा ठेवता येत होता. ज्या कल्पनेवर त्याने अख्खी कंपनी, मशीन ठेवलेला तो सोनेरी क्यूब, कॅम्पसच्या झाडांवर डोकावणारा मुलीचा तो अवाढव्य पुतळा उभा केला ती त्याच्या देखत ढासळते. मग स्टुअर्ट बाहेरून मॅग्नेटिक फील्ड बंद करतो आणि कॅप्सूल कोसळतेच. खूप जण म्हणतात की बघा, शेवट तर तोच झाला, मग फेकून उपयोग काय? उपयोग फॉरेस्टला झाला. तो मरतो तेच, पण निर्दोषत्वाचा दाखला हातात घेऊन मरत नाही. आणि लिली मरते ती खुनी म्हणून मरत नाही. मरण एकच, कारण वेगळं, आणि एका माणसाच्या आयुष्याला काय अर्थ लावायचा हे कारणावरच ठरतं.

इथे तुम्ही म्हणू शकता की सर्किटवाला अर्थ आणि हा अर्थ एकमेकांना छेद देतात, सर्किट म्हणतं लिलीसुद्धा ठरलेलीच होती आणि फॉरेस्ट समजतो की ती मोकळी होती. हो, देतात. शिवाय तिसराही अर्थ लागतो: एव्हरेटचं तत्त्व मशीनमध्ये आल्यावर स्क्रीनवर दिसणारं जग आपलंच कशावरून, शेजारचं एखादं असेल, तिथल्या लिलीने गोळी झाडली आणि इथल्या लिलीने नाही झाडली. ह्या तिन्हींतला कुठला खरा हे सिरीज सांगत नाही. माझा स्वतःचा कल पहिल्याकडे आहे कारण तो मला लॅबमध्ये टेबलावर दाखवता येतो, पण दुसऱ्या बॅचमधली एक मुलगी तिसऱ्या अर्थासाठी अर्धा तास माझ्याशी भांडली होती आणि मला तिला खोडता आलं नव्हतं.

तुमचा दुसरा प्रश्न, सिम्युलेशन म्हणजे स्वर्ग का. मला नाही वाटत. दोघं मेल्यावर केटी त्यांना मशीनमध्ये परत उभं करते. लिलीला जाग येते तेव्हा सर्गेई जिवंत आहे, तिचा आधीचा प्रियकर जेमी जिवंत आहे, कॅम्पसमध्ये डेव्सची इमारतच नाही, आणि फॉरेस्टजवळ त्याची बायको आणि अमाया आहेत. गोड शेवट वाटतो. पण फॉरेस्ट तिथेच लिलीला सांगतो की हे एकच जग नाही, अशी खूप आहेत, काहींत आपण सुखात आहोत आणि काहींत आपले हाल चाललेत. कारण आता त्याने लिंडनचं तत्त्व स्वीकारलंय. अमायाला भेटायची किंमत म्हणून त्याला ते स्वीकारावं लागतं, ज्या तत्त्वासाठी त्याने त्या पोराला काढलं तेच. स्वर्गात गेलेल्या माणसाला दुसरीकडे आपण जळतोय हे माहीत नसतं, फॉरेस्टला माहीत आहे. आणि हे सगळं एका मशीनवर चाललंय, कोणीतरी वीज बंद केली की संपलं, म्हणून तर केटी त्या सिनेटर बाईंना ते चालू ठेवायची विनंती करते. लिली मात्र तिथे गेल्यावर काय करते, तर सर्गेईला सोडून जेमीकडे जाते आणि त्याला मिठी मारते. मूळ जगात त्याने तिच्यासाठी जीव दिला होता. माझ्या पोरांना हा भाग नेहमी घाईत उरकल्यासारखा वाटतो, मला तो पुरेसा वाटतो.

नावाचा खुलासा तुम्ही ऐकला असेलच, फॉरेस्ट म्हणतो की डेव्समधला व्ही हा रोमन आहे, म्हणजे यू, म्हणजे शब्द आहे देउस, लॅटिनमधला देव. आपल्याला हे पहिल्या भागातच कानावर पडतं, कारण देउस आणि आपला देव हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेत. आमच्या अड्ड्यावर पोरं पहिल्या दिवसापासून ह्या सिरीजला 'देवस' म्हणत होती आणि आठव्या भागात एकमेकांकडे बघत बसली.

विज्ञानाबद्दल दोन गोष्टी, पटकन. बोम आणि एव्हरेट ह्यांचे अर्थ सारख्याच गणिताचे आहेत, आत्तापर्यंतच्या कुठल्याही प्रयोगाने त्यातला एक खरा आणि दुसरा खोटा असं ठरलेलं नाही. त्यामुळे अर्थ बदलला म्हणून मशीनचा आवाज स्वच्छ झाला हे गोष्टीतलं स्वातंत्र्य आहे, प्रत्यक्षात आकडेमोड तीच राहिली असती. परीक्षेत कोणी असं लिहिलं तर मी मार्क कापेन. आणि अख्खं विश्व विश्वातल्याच एका खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये बसवणं, कणन् कणासकट, हे होणार नाही, कारण तो कॉम्प्युटरही कणांचाच बनलाय आणि त्यालाही स्वतःचा हिशेब ठेवावा लागेल. सिरीज यायच्या पाचेक महिने आधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, गूगलच्या सिकॅमोर ह्या क्वांटम कॉम्प्युटरच्या चिपची बातमी गाजली होती, तिच्यात ५३ क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) होते. तिथपासून येशूच्या आवाजापर्यंतचं अंतर कल्पनेनेच पार करायचं. पण केटी सहाव्या भागात टेबलावर पेन ढकलून लिलीला कार्यकारणभाव समजावते ते मात्र मी जशाच्या तसं वर्गात वापरते, पहिल्या लेक्चरला. आणि तिथे लिलीने दिलेलं उत्तरही पोरांना आठवून देते, की मी आज रात्री घरातच बसेन, येणारच नाही. ती मनापासून बोलते. तरी जेमी मारला जातो आणि तिला जावंच लागतं. म्हणजे तोपर्यंत रूळ खरेच आहेत असं वाटत राहतं, म्हणून शेवटचा तो एक हात बाहेर जातो तेव्हा त्याचं वजन कळतं.

परत बघायला वेळ असेल तर आठही भाग बघायची गरज नाही. सहावा बघा पूर्ण, सातव्यातला एका सेकंदाचा सीन बघा, आणि आठव्यात दोघं कॅप्सूलमध्ये शिरल्यापासून. पहिल्या वेळी आपण सगळे लिलीकडे बघतो, ह्या वेळी फॉरेस्टकडे बघा.

भाऊ ऐकत नसेल तर त्याच्याकडून सर्किट करून घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात एलडीआर, बीसी ५४७, पाच किंवा सहा व्होल्टचा रिले आणि एक दहा के चा रेझिस्टर मिळेल, रिलेवर उलटा डायोड टाकायला विसरू नका नाहीतर ट्रान्झिस्टर जाईल. आधी त्याच्या हातात टॉर्च द्या आणि बरोबर भाकीत करायला सांगा, मग एलडीआर-रेझिस्टरची अदलाबदल करून परत द्या. जोडताना कुठे अडलं तर इथेच विचारा, ब्रेडबोर्डचा फोटो टाकते.